द्रासला जाताना त्याचं पूर्ण नाव लिहून घ्या

वर्गात त्याला कुणी खऱ्या नावाने हाक मारलीच नाही. १९९९ मध्ये कारगिलच्या युद्धात तो गेला, तेव्हाही आम्ही एकमेकांना फोन करून टोपणनावच सांगत होतो. म्हणून द्रासच्या युद्धस्मारकाला निघणाऱ्यांना पहिलं सांगणं हे: आपल्या माणसाचं कागदोपत्री नाव, हुद्दा आणि पलटण घरच्यांकडून लिहून घ्या. त्या युद्धात आपले ५२७ जवान गेले, एवढ्या नावांत शोधायचं असतं. त्याची पलटण मला इतकी वर्षं माहीत नव्हती. ती विचारायला त्याच्या आईकडे गेलो तेव्हा मान वर होईना. काकूंनी वहीच्या पानावर सगळं लिहून दिलं आणि एवढंच म्हणाल्या, "नावावर हात ठेवून ये रे."

श्रीनगरहून पहाटे निघालो. सोनमर्गनंतर झोजिला लागते, साडेअकरा हजार फुटांवरची खिंड. तिथे गाड्या सोडण्याच्या वेळा बदलतात, आदल्या संध्याकाळीच चौकशी करा. जून ते सप्टेंबर हा काळ बरा. द्रासही दहा हजार फुटांच्या वर आहे, तेव्हा चालणं सावकाश. माझं डोकं दिवसभर ठणकत होतं, सोनमर्गला एक मुक्काम करायला हवा होता. बाहेरचं प्रीपेड सिम या भागात चालत नाही, पोस्टपेड न्या. ओळखपत्रही जवळ असू द्या.

स्मारक महामार्गालगतच आहे, तोलोलिंगच्या पायथ्याशी. नावांकडे वळण्याआधी मान वर करून तो डोंगर बघा. नववीत त्याला समोच्च रेषांचा नकाशा कधी जमला नाही. रेषा एकमेकींना चिकटायच्या आणि बाई लाल शाईने लिहायच्या, 'इतका उभा डोंगर नसतो.' तोलोलिंग तितका उभा आहे. आडोशाला एक झाड नाही. वर घुसखोर आणि खाली श्रीनगर-लेह हा एकच रस्ता, त्यांच्या माऱ्यात. खालून चढूनच तो घ्यावा लागला. १३ जूनला तोलोलिंग हाती आला, ४ जुलैला टायगर हिल.

नाव सापडायला बराच वेळ गेला. वहीचं पान वाऱ्याने फडफडत होतं, एका हाताने ते दाबून दुसऱ्या हाताचं बोट ओळीओळीवरून फिरवत होतो. सापडलं तेव्हा टोपणनाव मोठ्याने तोंडातून निघालं. हात ठेवला. दगड उन्हाने चांगलाच तापला होता.

सहलीच्या गाड्या इथे थोडाच वेळ थांबतात. तुमचं कुणी तिथे असेल तर स्वतःची गाडी करा आणि निदान अर्धा दिवस ठेवा. २६ जुलैला, विजय दिवसाला, मोठी गर्दी असते. निवांतपणा हवा असेल तर तो आठवडा टाळा.

थकलेल्या आईवडिलांना मात्र या उंचीवर नेऊ नका. दिल्लीत २०१९ पासून राष्ट्रीय युद्धस्मारक आहे, तिथल्या त्यागचक्रात ग्रॅनाइटवर नावं कोरलेली आहेत. थंडी ओसरली की काकूंना तिथे घेऊन जाणार आहे. ते पान जपून ठेवलंय.