न पाहिलेल्या नाटकांवरून भांडणं

नोव्हेंबरात ग्रॅमीची नॉमिनेशन्स येतात तेव्हा सगळं जग टेलर स्विफ्टला काय मिळालं नि बियॉन्सेला काय मिळालं ते बघत असतं, आणि आमच्यासारखे थोडे येडे लोक ती लांबलचक यादी खाली खाली सरकवत एका कोपऱ्यातल्या कॅटेगरीपाशी जाऊन थांबतात. बेस्ट म्युझिकल थिएटर अल्बम. म्हणजे ब्रॉडवेच्या (न्यूयॉर्कची नाटकांची पेठ), कधीमधी लंडनच्या, म्युझिकल्सची जी कास्ट रेकॉर्डिंग्ज निघतात ना, नाटकातल्याच नटांनी स्टुडिओत जाऊन गायलेली, त्यांचं बक्षीस. टीव्हीवर हे दाखवतसुद्धा नाहीत, मेन कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी दुपारीच उरकून टाकतात. पाच-सहा नावं असतात फक्त, पण त्या पाच-सहा नावांवरून जे काही होतं ते विचारू नका.

आमच्याकडे होतं ते माझ्यात आणि माझ्या मावसबहिणीत. ताई जर्सी सिटीत राहते, नदी ओलांडली की मॅनहॅटन, त्यामुळे ॲपवर लॉटरी लावायची, स्वस्तात तिकीट लागलं की ऑफिसातून परस्पर थिएटरात, असं तिचं चालू असतं. मी ठाण्यात. माझं ब्रॉडवे कानातल्या हेडफोनपुरतं. त्यामुळे भांडणाची सुरुवात दरवर्षी एकाच वाक्याने होते, "अगं पण तू बघितलंयस का ते?" नाही बघितलं! कसं बघणार? पण माझं म्हणणं असं की बघण्याचं बक्षीस वेगळं आहे, त्याला टोनी म्हणतात, ते जूनमध्ये देऊन झालं, तिथे सेट, लाइट, नाच, कपडे सगळ्याचा हिशेब झाला. हे बक्षीस ऐकण्याचं आहे, आणि ऐकण्याच्या बाबतीत मी आणि ताई अगदी सारख्या. उलट मी जास्त, कारण तिला ऐकताना आधी पाहिलेलं आठवतं, मला सगळं अल्बममधूनच काढायला लागतं.

आणि ही दोन बक्षिसं एकमेकांचं ऐकत नाहीत हे तर दिसतंच आहे. 2022 ला टोनीत सर्वोत्तम म्युझिकल ठरलं 'अ स्ट्रेंज लूप', पुढच्या ग्रॅमीला जिंकलं 'इन्टू द वूड्स'चं रिव्हायव्हल, म्हणजे जुनंच नाटक नव्याने बसवलेलं. 2023 ला टोनी 'किम्बर्ली अकिम्बो'ला, ग्रॅमी 'सम लाइक इट हॉट'ला. 2024 ला टोनी 'द आउटसायडर्स'ला, ग्रॅमी 'हेल्स किचन'ला. ताई म्हणते ग्रॅमीला मतं देणारे सगळे म्युझिक इंडस्ट्रीतले, त्यांनी नाटक पाहिलेलं नसतं, ओळखीचं नाव दिसलं की टिक करतात, आणि 'हेल्स किचन' प्रसिद्ध गायिका ॲलिशिया कीजचं, मग काय होणार. असेलही तसं. पण नाटक न पाहता मत देणं हा गुन्हा असेल तर मी पण गुन्हेगारच की.

आपल्याकडे तरी दुसरं काय झालं? 'कट्यार काळजात घुसली' रंगमंचावर आलं 1967 ला, माझा जन्म बऱ्याच नंतरचा, वसंतराव देशपांड्यांना खाँसाहेबांच्या भूमिकेत मी कधीच पाहिलं नाही, पण त्या पदांबद्दल माझी मतं एकदम ठाम आहेत आणि घरात कोणी मला "तू बघितलंयस का" असं विचारलेलं नाही.

आता रेकॉर्डिंग म्हणजे नुसतं नाटकातली गाणी माइकसमोर म्हणून टाकणं असं ज्यांना वाटतं त्यांनी 'कंपनी' या म्युझिकलच्या रेकॉर्डिंगची डॉक्युमेंटरी बघावी. 1970 सालची, पेनेबेकरने केलेली. तेव्हाची पद्धत अशी की नाटक लागलं की येणाऱ्या रविवारी, म्हणजे खेळ नसतो त्या दिवशी, सगळ्यांना स्टुडिओत बोलवायचं आणि अख्खं नाटक एका बैठकीत संपवायचं, कारण ऑर्केस्ट्राचे पैसे घड्याळावर चालू असतात. त्यात एलेन स्ट्रिच या नटीचं एक गाणं शेवटाकडे राहतं. थिएटरात रोज टाळ्या घेणारं गाणं, पण आता रात्र उलटून गेलीये, आवाज बसलाय, टेक मागून टेक चाललेत आणि काचेपलीकडे बसलेल्या संगीतकार सॉन्डहाइमचा आणि निर्मात्याचा चेहरा बघून आपल्यालाच पोटात कसंतरी होतं. ती स्वतःचाच टेक ऐकताना स्वतःवर ओरडते. शेवटी नुसत्या ऑर्केस्ट्राचा ट्रॅक करून ठेवतात आणि तिला घरी पाठवतात, मग काही दिवसांनी ती परत येते, मेकअप बिकअप करून, आणि असं गाते की बस. आज अल्बमवर आपण ऐकतो ते हे, आणि त्या अल्बमला 1971 चं ग्रॅमी मिळालं. आता सांगा, हे बक्षीस नाटकाचं की त्या खोलीत जे घडलं त्याचं?

माझी कसोटी साधी आहे, न पाहिलेल्या माणसाला नुसत्या ऐकण्यातून नाटक दिसलं पाहिजे. 'स्वीनी टॉड'चं, म्हणजे लंडनच्या खुनी न्हाव्याच्या नाटकाचं, 1979 चं रेकॉर्डिंग घ्या. सुरुवातीला ऑर्गन वाजतो, गंभीर, चर्चमधल्यासारखा, आणि मग अचानक कारखान्याचा भोंगा किंचाळतो. पहिल्यांदा हे मी लोकलमध्ये ऐकलं, मुलुंडच्या आसपास, आणि अशी दचकले की शेजारच्या बाईंनी पिशवी उचलून मांडीवर घेतली. लंडन, धूर, वस्तरे, ते सगळं त्या एका भोंग्यात आलं. पुढे गायक जॉश ग्रोबनवालं रिव्हायव्हल आलं, त्याच्याही अल्बमला नॉमिनेशन मिळालं, आवाज काय सुंदर आहे त्याचा, पण मला तो वस्तरा हातात घेईल असं कानाने तरी वाटेना. ताई म्हणते स्टेजवर वाटत होतं. असेल!

रिव्हायव्हलचा मुद्दा निघाला की आमचं अजून वाढतं. तीच गाणी, तोच संगीतकार, नुसते गाणारे नवीन, मग पुन्हा बक्षीस कशाला असं ताईचं म्हणणं. 'इन्टू द वूड्स' 1989 ला जिंकलं आणि 2023 ला परत. 'वेस्ट साइड स्टोरी'ची तर गंमतच, मूळचं 1957 चं रेकॉर्डिंग ग्रॅमी सुरू व्हायच्याच आधीचं, मग जिंकलं कधी तर 1986 ला, तेही कॅरेरास आणि किरी ते-कानावा अशा ऑपेराच्या गायकांना घेऊन मूळ संगीतकार बर्नस्टाइनने स्वतः स्टुडिओत केलेलं, आणि नंतर 2010 ला रिव्हायव्हलचं पुन्हा. मला यात काही चुकीचं दिसत नाही. एकच पद चार जणांनी गायलं की चार वेगळी पदं होतात हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

जखमेसारखा विषय म्हणजे 1997. 'रेंट' नॉमिनेशनमध्ये होतं आणि जिंकलं 'रिव्हरडान्स'. नाचाचा कार्यक्रम! त्या वर्षी ताई शाळेत होती, 'रेंट' हा शब्दही ऐकलेला नव्हता, पण आता असं बोलते जणू घरातलंच कोणीतरी हरलं होतं. इथे मात्र मी तिच्या बाजूने आहे, पायांचा ठेका कितीही जबरदस्त असला तरी गोष्ट कुठाय त्यात.

पण गोष्ट असली आणि नाटकच नसलं तर? 2022 ला हेच झालं. अ‍ॅबिगेल बार्लो आणि एमिली बेअर या विशीतल्या दोन मुलींनी नेटफ्लिक्सच्या 'ब्रिजर्टन'वर टिकटॉकवर गाणी करायला घेतली, ब्रॉडवे बंद होतं, लोक घरात बसलेले, गाणी पसरली, अल्बम निघाला आणि त्या अल्बमने अँड्र्यू लॉइड वेबरच्या 'सिंड्रेला'ला आणि 'ले मिझराब'च्या कॉन्सर्टला मागे टाकून ग्रॅमी नेलं. थिएटर नाही, कास्ट नाही, तिकीट नाही. थिएटरवाले जे काही चिडले! पुढे काही महिन्यांत केनेडी सेंटरला पैसे घेऊन कार्यक्रम केल्यावर नेटफ्लिक्सने त्यांच्यावर केस टाकली आणि मग मागेही घेतली, ते वेगळंच. ताईचं मत, हे म्युझिकल थिएटर नाहीच. माझं मत, त्या वर्षी पहिल्यांदा तू आणि मी एका रांगेत बसलो होतो, कारण बघायला काही नव्हतंच. यावर ती दोन दिवस काही बोलली नाही, मग एक लांबच्या लांब व्हॉइस नोट आली, ती मी अजून पूर्ण ऐकलेली नाही.

तिने एक भांडण मात्र स्वच्छ जिंकलंय. 'हॅमिल्टन'च्या अल्बमवर 46 ट्रॅक आहेत, जवळजवळ सगळं नाटकच, पण हॅमिल्टनचा मित्र लॉरेन्सच्या मृत्यूची बातमी येते तो छोटासा प्रवेश नाटककार लिन-मॅन्युएल मिरांडाने मुद्दाम अल्बममध्ये घेतला नाही, थिएटरात येणाऱ्यांसाठी काहीतरी राखून ठेवायचं म्हणून. मला तर तसलं काही आहे हे माहीतच नव्हतं, मी मोठ्या ऐटीत म्हणत होते की अख्खं नाटक मला पाठ आहे. ताईने शांतपणे विचारलं, "आणि लॉरेन्सचं पत्र?"

मी तिला 'मेरिली वी रोल अलाँग' ऐकवते यावर उत्तर म्हणून. 1981 ला हे ब्रॉडवेवर सपशेल पडलं, रीतसर ओपनिंग झाल्यावर 16 प्रयोग, संपलं. आणि खेळ बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ती सगळी तरुण पोरं स्टुडिओत जाऊन ते गायली, काम गेलेलं, तरी गायली, आणि तो अल्बम ऐकूनच पुढच्या पिढ्यांनी ठरवलं की यात काहीतरी आहे, पुन्हा करून बघू. बघत बघत 2023 ला डॅनियल रॅडक्लिफ, जोनाथन ग्रॉफ, लिंडसे मेंडेझला घेऊन ब्रॉडवेवर परत आलं, रिव्हायव्हलचं टोनी मिळालं, अल्बमला ग्रॅमीचं नॉमिनेशन. तेव्हा सोळा प्रयोगांना किती लोक आले असतील, आणि नुसतं ऐकणारे किती! ताईने रिव्हायव्हल पाहिलं होतं, तरी त्या वर्षी ती 'सफ्स'च्या बाजूने होती, मी 'मेरिली'च्या, चांगली तीन महिने जुंपली होती आमची.

जिंकलं 'हेल्स किचन'. ताईचा मेसेज आला, "बघ, म्हटलं नव्हतं, ओळखीचं नाव." मी तेव्हा लोकलमध्ये तोच अल्बम लावून बसले होते. तिला लिहिलं, अगं, पण अल्बम चांगला झालाय. तर म्हणते, "हो, पण तू बघितलंयस का?"