मीठ बंदच करून टाकू का?

सेलूच्या अलीकडे एका उपकेंद्रावर मी सिस्टर आहे. म्हाताऱ्या माणसाच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला आणि वरचा आकडा 160च्या पुढे गेला, की सोबत आलेली सून, नाहीतर पुण्याहून फोनवर असलेला मुलगा हमखास विचारतो, "सिस्टर, मग आईचं मीठ बंदच करून टाकू का?"

तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते. कारण हे मी माझ्या स्वतःच्या आईच्या बाबतीत करून बसले आहे.

आई तेव्हा 71 वर्षांची, भावाकडे गावी राहायची. मी वहिनीला बजावलं, भाजीत मीठ टाकायच्या आधी आईची वाटी वेगळी काढत जा. वहिनीनं ते अगदी मनावर घेतलं. आईपुढे अळणी वरण, अळणी भाजी. दोन घास खाऊन ती ताट सारायची, "काय खावं माय, काहीच लागत नाही तोंडाला." दीड भाकरी खाणारी बाई अर्ध्या भाकरीवर आली. मे महिना होता, ऊन 42-43 अंशांचं. बीपीसाठी लघवी जास्त करणारी गोळी चालू होती. पोटात अन्न नाही, मीठ नाही, नुसतं तांब्यावर तांब्या पाणी. एके दिवशी दुपारी ती वहिनीला आपल्या वारलेल्या बहिणीच्या नावानं हाका मारायला लागली. आम्हाला वाटलं ऊन लागलं. दवाखान्यात रक्त तपासलं तर सोडियम, म्हणजे मिठातून मिळतं ते, 121. ते 135 ते 145 च्या दरम्यान असायला हवं. चार दिवस ॲडमिट होती. डॉक्टरांनी गोळी बदलली. मी तिच्या उशाशी बसून राहिले, आणि सल्ला माझाच होता हे एकदाही डोक्यातून गेलं नाही.

म्हणून माझं उत्तर: बंद नाही, कमी करा. आणि एकट्या आईचं नाही, सगळ्या घराचं.

कमी म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचा, तोही पुरता भरलेला नको. पण स्वयंपाकघरात ग्रॅम कोण मोजतं? मी बायकांना सांगते, मिठाचा पुडा फोडला की त्यावर पेननं तारीख लिहा. पाच माणसांच्या घरात 1 किलोचा पुडा निदान 40 दिवस टिकला पाहिजे. भावाच्या घरी पाहिलं तर तो 19 दिवसांत संपत होता. माणशी दिवसाला 10 ग्रॅमच्या वर. आणि त्यात विकतचं काहीच धरलेलं नाही.

हे जातं कुठं? भाकरीत नाही. ज्वारीच्या पिठात आपण मीठ घालतच नाही, आणि आपल्या ताटातली ही फार मोठी गोष्ट आहे. चपातीच्या कणकेत मात्र घालतो, धपाट्यात घालतो. मीठ बसलेलं असतं ताटाच्या डाव्या बाजूला. ठेचा, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, पापड. लोणच्याचा खार भाकरीला लावून खाणारी कितीतरी म्हातारी माणसं मी रोज पाहते. पापडात मीठ असतंच, शिवाय पापडखार असतो, त्यातही सोडियमच. सुशीला, म्हणजे फोडणीचे मुरमुरे, करताना मुरमुरे आधीच खारट असतात, वरून परत चिमूट पडते. चहासोबत खारी नाहीतर टोस्ट, ते तर कुणी मिठात मोजतही नाही.

वय झालं की रक्तवाहिन्या ताठर होतात, म्हणून वरचा आकडा वाढतो. मूत्रपिंडही पूर्वीच्या वेगानं मीठ बाहेर टाकत नाही. त्यात जिभेची चव मंदावते, म्हणून म्हातारं माणूस वरून मीठ मागतं. त्यांना हट्टी म्हणू नका, त्यांना खरंच लागत नाही.

मग आम्ही काय केलं? चटणीतलं मीठ निम्म्यावर आणलं आणि लसूण वाढवला. कारळाच्या आणि जवसाच्या चटणीला तसंही मीठ कमी लागतं, चव त्यांची स्वतःची असते. अंबाडीची भाजी, चिंचेचं सार, वरणावर लिंबू: आंबट असलं की मिठाची आठवण कमी होते. लोणचं आठवड्यातून एकदा, एक फोड, खार नाही. पापड सणाला. पहिले पंधरा दिवस घरात सगळेच कुरकुरले, भाऊ तर सरळ मिठाची बरणी घेऊन बसायचा. दीड महिन्यानं तोच लग्नातली भाजी खाऊन म्हणाला, "किती खारट केली."

सैंधव मीठ चालेल का, हेही विचारतात. सैंधव म्हणजे मीठच, सोडियम जवळपास तेवढंच. दुकानात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम घातलेलं असतं. बऱ्याच जणांना ते चांगलं, पण मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठराविक गोळ्या चालू असतील तर रक्तात पोटॅशियम वाढून जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

आणि गोळी. एकादशीला गोळी घेत नाहीत, अशी निदान दहा-बारा माणसं माझ्या एका गावात आहेत. माझी विनंती आहे, गोळीनं उपवास मोडत नाही हो. जेवण सुधारलं आणि आकडा उतरला तरी गोळी आपल्या मनानं सोडू नका. उन्हाळ्यात आई-वडील उठताना तोल जातो म्हणाले, जेवण कमी झालं, बोलण्यात घोळ व्हायला लागला, तर थांबू नका. बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळा बीपी मोजून घ्या, गोळ्या डॉक्टरांना दाखवा.

आई आता 74 वर्षांची आहे. सगळ्यांच्या कढईतलंच खाते, सगळ्यांसोबत बसून. गेल्या वेळी बीपी 136 होतं. पुड्यावर तारीख आता तीच लिहून ठेवते. शाळा चौथीपर्यंतच झालेली, अक्षर थरथरतं, पण आकडे स्पष्ट असतात. मागचा पुडा 38 दिवस गेला, हे तिनंच मला फोन करून सांगितलं.