मॅडम, सलाईन लावा ना!

मॅरेथॉनच्या मेडिकल टेंटमध्ये हे वाक्य पळणारा स्वतः क्वचितच म्हणतो. म्हणतात ते त्याचे मित्र, मेहुणे, बायको. मी मिरजेत जनरल प्रॅक्टिस करते आणि हिवाळ्यात आसपासच्या शर्यतींना फिनिश लाइनजवळच्या टेंटमध्ये बसते. सलाईन लावायचं की नाही याचं उत्तर नातेवाइकांना आवडो न आवडो, ते समोरच्या माणसाला नेमकं काय झालंय यावर ठरतं. आणि ते नीट लिहून ठेवायची सोय फॉर्मवर असावी लागते.

एका शर्यतीत हातात आलेल्या फॉर्मवर तीनच चौकोन होते: गोळे, चक्कर, इतर. दुपारी आयोजकांना आकडा हवा होता, किती जणांना चक्कर आली? आकडा दिला. पुढच्या वर्षीच्या तयारीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता, कारण त्या एका 'चक्कर'मध्ये निदान तीन-चार वेगळे आजार कोंबलेले होते.

सगळ्यात जास्त दिसतो तो साधा प्रकार. पळताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. फिनिशची रेषा ओलांडून माणूस सेल्फीसाठी एकदम उभा राहिला की तो पंप बंद पडतो, रक्त पायांत साचतं, रक्तदाब घसरतो. आडवं झोपवा, पाय उंच करा. थोड्याच वेळात तो मेडल कुठे ठेवलंय ते विचारतो. याला सलाईन लागत नाही.

रेषेच्या अलीकडे, पळता पळता कोसळलेला मात्र वेगळा. तिथे हृदय, उष्माघात, रक्तातली साखर, सोडियम (रक्तातलं मीठ), सगळंच डोक्यात घ्यावं लागतं. म्हणून माझ्या मते फॉर्मवरचा पहिला प्रश्न 'काय होतंय?' हा नसावाच. 'कुठे पडला, रेषेच्या अलीकडे की पलीकडे?' हा असावा.

उष्माघाताचं निदान तर थर्मामीटरवरच अडतं. घामाने भिजलेल्या अंगावर काखेतलं तापमान फसवं येतं; ते गुदद्वारातूनच घ्यावं लागतं. आपल्याकडे हे ऐकूनच स्वयंसेवक मुलं इकडेतिकडे बघायला लागतात. पडदा लावा, पण घ्या. ४० अंशांच्या वर ताप आणि माणूस बरळतोय, भांडतोय, छातीवरचा बिब नंबर सांगता येत नाही, तर आधी बर्फाच्या पाण्याच्या टबात, अँब्युलन्स नंतर. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फाल्मथला ऐन ऑगस्टमध्ये सुमारे ११ किलोमीटरची शर्यत होते. तिथे १८ वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण नोंदले गेले आणि सगळेच्या सगळे वाचले. हे आपल्याला ठामपणे सांगता येतं, कारण तिथे उष्माघात 'चक्कर'मध्ये बुडवला नव्हता.

आणि आता सलाईनवाल्यांचा लाडका रुग्ण. डोकं दुखतंय, उलटी होतेय, बोटातली अंगठी घट्ट झालीय, जरा गोंधळलेला. सगळे म्हणतात, पाणी कमी पडलं. झालेलं असतं उलटंच: चार-पाच तास रमतगमत पळत प्रत्येक स्टॉलवर पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम उतरलेलं असतं. २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम लिटरमागे १३५ मिलिमोल किंवा त्याच्या खाली, म्हणजे कमी निघालं. अशाला नेहमीचं सलाईन लावलं तर प्रकृती आणखी बिघडू शकते. तब्येत गंभीर असेल तर ३ टक्क्यांचं, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त मिठाचं सलाईन, तेही थोडंसंच.

२०१९मध्ये दक्षिण आफ्रिकेचे मार्टिन श्वेलनस आणि इतर देशांतल्या डॉक्टरांनी मिळून अशा नोंदींसाठी एक सामाईक चौकट प्रसिद्ध केली. तीव्रतेप्रमाणे किरकोळ, मध्यम, गंभीर. शिवाय शरीराच्या कुठल्या संस्थेचा त्रास, तो कधी झाला. सुरुवातीपासून शर्यत संपल्यानंतरच्या २४ तासांपर्यंतचं सगळं त्यात धरायचं. प्रमाण काढायचं ते प्रत्यक्ष पळायला सुरुवात केलेल्या दर हजारामागे. हा शेवटचा मुद्दा मला फार पटतो. आपल्याकडे टी-शर्ट घेऊन घरी झोपलेलेही भागाकारात येतात आणि शर्यत आहे त्यापेक्षा सुरक्षित दिसते. नुसता दुखऱ्या पायावर स्प्रे मारून घेऊन गेलेला 'रुग्ण' धरायचा का, हेही आधी ठरवायला हवं. एकाने धरला, दुसऱ्याने नाही, तर दोन शर्यतींची तुलना कसली करणार?

चौकट उत्तम आहे, पण पाच तासवाल्यांची झुंबड उडाली की लांबलचक फॉर्म कोणी भरत नाही. मी एका पानाचा केलाय: बिब नंबर, वेळ, रेषेच्या अलीकडे-पलीकडे, शुद्धीवर आहे का, गुदद्वारातलं तापमान, काय केलं, कुठे पाठवलं. निदानाची जागा तळाशी, ती डॉक्टरनेच भरायची. आयोजकांना फॉर्म चालला. टबाचा खर्च मात्र त्यांना पटत नाहीये. मांडववाल्याकडून भाड्याने मिळतो, बर्फाच्या कारखान्याला आदल्या रात्री सांगावं लागतं, एवढंच.