दंडावरचं बटण आणि रात्री अडीचचा अलार्म

बाबांच्या दंडावर सतत शुगर मोजणारा बटणाएवढा सेन्सर चिकटवलाय, त्याचे आकडे फोनवर येतात. परवा रात्री अडीच वाजता त्या फोनने बोंब ठोकली, शुगर ५८, म्हणजे फारच कमी! आई साखर-पाणी करायला धावली, मी ग्लुकोमीटर शोधतोय, आणि बाबा डोळे चोळत विचारतायत की काय झालं काय एवढं. ना घाम ना थरथर. बोटाला टोचून बघितलं तर ११२. मग ट्यूब पेटली, ते डाव्या कुशीवर झोपले होते आणि सेन्सर डाव्याच दंडावर. अंगाखाली तो दाबला गेला की तिथला रक्तपुरवठा कमी होतो, आणि सेन्सरला बिचाऱ्याला वाटतं साखरच संपली. कॉम्प्रेशन लो म्हणतात म्हणे याला. कूस बदलल्यावर थोड्या वेळात आकडा आपला आपण वर आला.

तर हे बटण. सगळ्यांना वाटतं नुसता स्टिकर आहे, मलापण वाटायचं, पण १४ दिवसांनी काढला तेव्हा नीट बघितलं, खालून केसासारखी बारीक तार निघाली, जेमतेम अर्धा सेंटीमीटर. म्हणजे टोचणं आहेच, फक्त रोजचं नाही. तारेवर एन्झाइम असतं, बहुतेक वेळा ग्लुकोज ऑक्सिडेज, त्याची साखरेशी रिअॅक्शन झाली की इवलासा करंट तयार होतो आणि त्याचाच आकडा फोनवर दिसतो. आणि तार रक्तात नसतेच मुळी, पेशींच्या मधल्या पाण्यात असते, तिथे साखर पाच-दहा मिनिटं उशिरा पोचते. त्यामुळे जेवल्यावर किंवा भराभर चालून आल्यावर मीटर एक सांगतो आणि सेन्सर दुसरंच, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

हे सगळं फॅमिली ग्रुपवर टाकलं तर काकांनी लगेच घड्याळाची जाहिरात पाठवली. म्हणे टोचायची गरजच नाही, लाइटवर शुगर कळते. अहो काका, अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मंजुरी देणारी तिथली सरकारी संस्था) फेब्रुवारी २०२४ मध्ये सरळ सांगितलंय की न टोचता स्वतःच शुगर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा स्मार्ट अंगठीला आम्ही मंजुरी दिलेली नाही, वापरू नका.

घड्याळाचा हिरवा लाइट नाडी छान पकडतो कारण हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश मस्त शोषून घेतं आणि प्रत्येक ठोक्याला रक्त कमीजास्त होतं, ती लय सापडते. (रक्तातला ऑक्सिजन मोजायला लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश लागतो, आणि त्यातही सावळ्या-काळ्या त्वचेवर रीडिंग खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतं, हे जाहिरातीत कोण सांगतंय!) साखरेला तसा स्वतःचा रंग नाही की लय नाही. १०० शुगर म्हणजे लिटरभर रक्तात फक्त एक ग्रॅम, आणि ती शोधायची ज्या इन्फ्रारेड प्रकाशात, त्यावर त्वचेतलं पाणी, चरबी, प्रोटीन सगळे आधीच तुटून पडलेले. त्या गर्दीत तो एक ग्रॅम शोधायचा, वर घाम, वर हात गार की गरम.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही हां. २००१ मध्ये ग्लुकोवॉच नावाच्या घड्याळाला एफडीएची मंजुरी मिळाली होती, हलका करंट सोडून त्वचेतून साखर बाहेर ओढायचं. पण मनगट लाल व्हायचं, खाज सुटायची, आणि काही वर्षांत ते बाजारातून गेलं. शिवाय बोट टोचून त्याला आधी कॅलिब्रेट करावं लागायचं, म्हणजे त्याचा आकडा रक्ताच्या आकड्याशी जुळवून घ्यावा लागायचा, म्हणजे घ्या!

आता बाबांचा सेन्सर उजव्या दंडावर आहे कारण उजव्या कुशीवर ते कधीच झोपत नाहीत. आणि काकांना हे सगळं लिहून पाठवलं, त्यांनी 👍 इमोजी पाठवला आणि दहा मिनिटांनी दुसऱ्या घड्याळाची लिंक टाकली. यात म्हणे बीपीपण दिसतं.