वळण कुठे गेलं?

"आजी, आता मनातल्या मनात उठा. त्या खुणेपर्यंत जा, वळा, परत येऊन बसा. बसलात की बोट वर करा."

मी स्टॉपवॉच सुरू केलं. आठव्या सेकंदालाच बोट वर!

थोड्या वेळापूर्वी त्या हेच खरोखर चालल्या होत्या. 3 मीटर जाऊन परत, 24 सेकंद. वळताना भिंतीला हात. 'टाइम्ड अप अँड गो' ही चाचणी आम्हा फिजिओथेरपिस्टांच्या रोजच्या कामातली. 12 सेकंदांच्या वर गेलं की पडण्याचा धोका आम्ही गांभीर्याने घेतो. मनातल्या चालण्यालाही साधारण तेवढाच वेळ लागायला हवा. उतारवयात ते थोडं झटपट उरकतं, हे ठाऊक होतं. पण इतकं?

"काय दिसलं?"

"मी चालतेय ना, समोरून. सिनेमात दिसावी तशी."

"आणि वळलात कशा?"

आजी गप्प. मग हळूच म्हणाल्या, "वळलेच नाही गं. तिथून एकदम खुर्चीतच आले."

पडून मनगट मोडलं, तेही वळतानाच. मला गलबलून आलं. तीन आठवडे मी त्यांच्या मांड्यांची ताकद वाढवत होते आणि हे एकदाही विचारलं नव्हतं.

"बाहेरून बघू नका, आतून चाला," मी म्हटलं. पाठ टेकलेली, तळवे जमिनीवर, डोळे मिटलेले. भार कुठल्या पायावर आलाय? टाच कळतेय? गर्रकन नाही, चार छोट्या पावलांत वळा. तिसऱ्या पावलाला त्यांचा श्वास अडकला, मोज्यातली बोटं आखडली. थांबलो. पुन्हा. हालचालीची आखणी करणारे मेंदूतले भाग अशा कल्पनेतही कामाला लागतात, म्हणून तर हा खटाटोप. तोलाच्या आणि ताकदीच्या व्यायामाला तो पर्याय नाही, जोड आहे. सहाव्या फेरीला बोटं सैल राहिली.

मग खरोखर उठल्या. मी कमरेपाशी हात धरून, पण न लावता, सोबत. खुणेपाशी त्यांचे ओठ हलले: एक, दोन, तीन, चार. 26 सेकंद, म्हणजे दोन जास्तच. पण भिंतीला हात लागला नव्हता.

बसल्यावर पुन्हा मनातली फेरी घेतली. बोट वर झालं तेव्हा घड्याळात 23 होते.

"या वेळी वळले," आजी म्हणाल्या.