तुम्ही विचारलंत म्हणून: रुळले का मी?

"आता रुळलीस ना?" कयाक गाइडचं काम सोडून परत आल्यापासून हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की समोरच्यानं श्वास घेतला तरी कळतं, आता हेच येणार. निम्मे लोक उत्तराचीही वाट बघत नाहीत. "तो निसर्ग, ती शांतता आठवत असेल ना," असं म्हणून मोकळे होतात.

शांतता कसली? सात-आठ नवख्यांना कयाकमधून, म्हणजे वल्हवायच्या अरुंद होड्यांमधून, निर्जन किनाऱ्यानं नेताना गाइडच्या डोक्यात सतत हिशेब चालू असतो. दर मिनिटा-दोन मिनिटांनी मान वळवून डोकी मोजायची. सगळीकडे लाटांचे माथे पांढरे दिसायला लागले की वारा ११ ते १६ नॉटच्या, म्हणजे ताशी वीस ते तीस किलोमीटरच्या, घरात गेला, आता आडोसा शोधायचा. ओहोटीच्या साधारण सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत निम्मं पाणी उतरतं, तेव्हा अरुंद खाडीच्या तोंडाशी फिरकायचं नाही. तंबूत डोळा लागला तरी कान वाऱ्याकडेच. असे नऊ मोसम काढले.

मला आठवतं ते वेगळंच. मी "थांबा" म्हटलं की आठ माणसं थांबायची. झालं, सांगितलं. निसर्गाचं नाव पुढे केलं की बरं दिसतं, म्हणून इतके दिवस तुमचा गैरसमज तसाच राहू दिला.

ऑफिसबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मीटिंग सुरू होताना माझा हात अजून पोटापाशी जातो. कयाकमध्ये बसल्यावर स्प्रे स्कर्टचा, म्हणजे आत पाणी येऊ नये म्हणून कमरेभोवती बसवलेल्या झाकणाचा, पुढचा पट्टा बाहेर राहिलाय ना, हे चाचपायचं असतं. तो आत अडकला आणि कयाक उलटली, तर सुटका कठीण. इथे हाताला शर्टाचं बटण लागतं. पहिल्या महिन्यात मी मित्रमंडळींना एक लांबलचक मेल लिहिली होती, 'तुम्ही सगळे झोपेत जगताय' अशा थाटाची. परवा पुन्हा वाचली. काय तो आव! पण त्यातलं एक वाक्य अजूनही खोडवत नाही: 'इथे चूक केली तर ती कळायलाच सहा महिने लागतात.'

आणि बाबांचं. त्याबद्दल कुणी विचारत नाही, कारण त्या दिवशी मी काय केलं तेवढंच सगळ्यांना माहीत आहे.

बाबा बाथरूममध्ये घसरले. दादा त्यांना उचलायला धावला. मी ओरडले, "हात लावू नकोस!" पाय बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत होता, खुबा मोडला असणार. ओला सदरा कापून काढला, ब्लँकेट घातलं, दादाला अँब्युलन्सला फोन करायला लावला, स्वतः बाबांशी बोलत राहिले. आवाज एकदाही कापला नाही. सगळ्यांनी कौतुक केलं आणि मला, खोटं कशाला बोलू, परत आल्यापासून पहिल्यांदाच बरं वाटलं.

थंड पाण्यासाठी आम्ही १-१०-१ शिकवतो. पाण्यात पडल्यावर श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हात धड चालतात अशी दहा मिनिटं, शुद्ध हरपायला साधारण एक तास. मी त्या दहा मिनिटांची माणूस आहे. बाबांना लागले चार महिने.

ऑपरेशननंतर वॉकर धरून दिवसातून दोनदा दहा पावलं चालवायचं होतं. मी भिंतीवर तक्ता लावला. आठवड्यात पंधरा, मग वीस. एका संध्याकाळी ते दहाव्या पावलावर थांबले. मी म्हटलं, "अजून पाच, बाबा. जमेल." नवख्यांना हेच म्हणायचे, त्यांना जमायचंही. बाबांचे हात थरथरायला लागले, तेराव्या पावलावर त्यांना लघवी झाली. ते खाली बघत राहिले. मी पटकन फडकं आणलं, पुसलं, सगळं पद्धतशीर. बोलले मात्र काही नाही. तेवढंच तर करायचं होतं.

रात्री त्यांच्या खोलीवरून जाताना दादाशी चाललेलं बोलणं कानावर आलं. "उद्यापासून तूच ये रे. तिला सांगू नकोस, ती शिट्टी वाजवेल."

दोघं हळू आवाजात हसले. ती शिट्टी माझ्या लाइफ जॅकेटच्या खांद्याला अजून बांधलेली आहे. पुढचे दोन दिवस कामाचं निमित्त काढून मी त्या खोलीत गेले नाही.

दादाला मी आयुष्यभर मंद समजत आले. तो बाबांबरोबर सहा पावलं चालायचा, मग दोघं खिडकीशी बसायचे. तक्ता तसाच कोरा. माझ्या पद्धतीनं बाबा लवकर चालले असते, असं मला अजूनही वाटतं. तेराव्या पावलाचं आठवलं की वाटत नाही. दुसऱ्या दिवशी परत वाटतं.

तिकडच्या किनाऱ्याची भरती मी रोज सकाळी फोनवर बघते. कशासाठी, विचारू नका. काल बाबा वॉकर सरकवत माझ्या दाराशी आले. "आज किती वाजता?" मी वेळ सांगितली. "म्हणजे उद्या पन्नासेक मिनिटं उशिरा," म्हणाले आणि वळले. वळायला त्यांना बराच वेळ लागतो. मी पावलं मोजली नाहीत असं म्हणणार होते, पण मोजली. अकरा.