अजून डबेच?

रविवार, रात्र

संध्याकाळी ताईचा फोन आला. काय करतेयस म्हणाली. मी खरं ते सांगितलं, आठवड्याचं एकदाच शिजवून ठेवायला काचेचे डबे बघतेय. त्यावर ती "अजून डबेच?" म्हणाली आणि पुढच्याच वाक्यात तिच्याकडच्या गळक्या नळावर गेली. नळाचं सगळं ऐकून घेतलं मी. नळ दुरुस्त झाला, प्लंबर भला माणूस निघाला. फोन ठेवला तेव्हा सव्वासहा झाले होते. आता साडेनऊ वाजलेत आणि मी अजून त्या 'च'पाशीच आहे.

नुसतं "अजून डबे?" म्हणाली असती तर काही वाटलं नसतं. ती चौकशी झाली असती. 'च' लागला की चौकशी संपते, निकाल लागतो. एका अक्षरात तिनं माझे अकरा दिवस गुंडाळले, आणि जमलं तर मार्चपासूनचंही. तिच्या मनात तसं नसेलही. पण मला ताईचा आवाज कळतो.

अकरा दिवस झाले हे खरं आहे. पण तो गोल डबा फुटला तेव्हा ती इथे नव्हती. फ्रीझरमधून काढला, घाई होती म्हणून सरळ गरम नळाखाली धरला. आवाज मोठा झाला नाही, ताटलीवर सुरी टेकावी तेवढाच. तळ सुटून सिंकमध्ये बसला आणि वरचं कडं माझ्या हातात राहिलं. मधे सूप, डब्याच्या आकाराचं, गोठलेलं, जागचं न हललेलं. तेही टाकलं, कारण काचेचे बारीक कण कुठे गेलेत ते दिसत नाही. दोन दिवसांचं जेवण होतं ते. मी ओट्याशी बराच वेळ ते कडं हातात घेऊन उभी होते. हे मी तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "काच ती, फुटणारच." बघा, तिथेही 'च' होता. तेव्हा लागला नव्हता.

फुटणारच असं नसतं. काच का फुटते याला कारण असतं आणि ते मला आता माहीत आहे. गरम पाण्यानं बाहेरचा थर पसरायला लागला, आतला थर सुपाला चिकटून थंडच राहिला, दोघांची ओढाताण झाली. नेहमीच्या वापरातली काच, जिला सोडा-लाइम म्हणतात, ती बोरोसिलिकेट नावाच्या दुसऱ्या काचेच्या जवळजवळ तिप्पट पसरते. म्हणून बोरोसिलिकेट असले झटके जास्त सोसते, सगळेच नाही पण जास्त. मग टेम्पर्ड काच आहे. ती बहुतेक वेळा सोडा-लाइमच, फक्त तापवून वरून झपाट्यानं थंड केलेली, त्यामुळे तिचा बाहेरचा थर कायम दाबाखाली असतो. ठोकर लागली तर ती लवकर जात नाही. जाते तेव्हा मात्र एकदम जाते, छोटे छोटे खडे होऊन सगळीकडे. बोरोसिलिकेटचे मोठे, धारदार तुकडे पडतात.

म्हणजे डबा निवडायचा तर आधी हे ठरवायला हवं, की मी आपटणारी बाई आहे की घाई करणारी. हे एका संध्याकाळीत ठरत नाही. मी दोन्ही आहे. सिंकमध्ये भांडं आपटते आणि फ्रीझरमधलं नळाखाली धरते. शेवटी मी बोरोसिलिकेटकडे झुकले, कारण आपटणं वयाबरोबर कमी झालंय. घाई नाही झाली.

त्यातही, ओव्हनमध्ये चालेल असं लिहिलेलं असलं म्हणजे फ्रीझरमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये चालेल असं नव्हे. हे मला आधी दोन दिवस उलटं कळलं होतं.

वाचता वाचता बेसी लिटलटन भेटली. तिचा नवरा जेसी अमेरिकेत कॉर्निंग कंपनीत भौतिकशास्त्रज्ञ होता. रेल्वेच्या कंदिलाची तापलेली काच पावसात, बर्फात तडकायची, म्हणून त्या कंपनीनं न तडकणारी काच केली होती. 1913 मध्ये बेसीचं ओव्हनमधलं भांडं तडकलं. तिनं नवऱ्याला म्हटलं, तुमच्या त्या काचेचं काही आण की. त्यानं बॅटरीच्या काचेच्या बरणीचा कापलेला तळ आणून दिला आणि तिनं त्यात केक भाजला. 1915 मध्ये पायरेक्स नावाची काचेची भांडी बाजारात आली. मी हे रात्री दीड वाजता वाचत होते आणि मला सारखं वाटत होतं, की बेसीला तिच्या बहिणीनं विचारलं असेल का, अजून भांडंच?

नसेल विचारलं. बेसीनं केक केला होता.

हे वाक्य लिहून मी पाणी प्यायला उठले. परत आले.

झाकणांचं ताईला मी सांगितलंच नाही, तिथे माझे चार दिवस गेलेत. काचेचा डबा म्हणून आपण जे घेतो त्यात काच काय, तळाला आणि बाजूंना. वरती प्लास्टिकच असतं, पॉलिप्रॉपिलीन, उलटं करून बघितलं तर त्रिकोणात 5 लिहिलेलं. काच पिढ्यान्‌पिढ्या टिकेल, पण चार बाजूंच्या चार क्लिपांना पातळ बिजागरी असते आणि उघडझाप करून करून एक दिवस तीच जाते. मग उरतो झाकणाविना डबा. माझ्या कपाटात असे तीन आहेत, आणि डब्याविना झाकणं पाच. हे गणित कसं झालं असेल याचा विचार मी सोडून दिलाय. मला कळलेली सगळ्यांत उपयोगाची गोष्ट ही, की नुसतं झाकण वेगळं विकत मिळतं का ते आधी बघायचं. बाकी काच सगळ्यांची चकाकते.

झाकणाच्या खाचेतली सिलिकॉनची रिंग काढता येते का, हे दुसरं. न निघणारी असेल तर तिच्याखाली पाणी राहतं आणि कधीतरी काळं दिसायला लागतं. निघणारी असेल तर ती आठवणीनं काढून, धुऊन, वाळवून परत बसवायची. जुन्या रिंगला कांद्याचा वास राहिलेला आहे. काचेला नाही राहिला. प्लास्टिकचे ते दोन डबे टोमॅटोनं नारिंगी झाले ते झालेच, काच मात्र घासली की काही घडलंच नाही अशी दिसते. मला हेच आवडतं तिच्यातलं. आदल्या आठवड्याचं ती काही ठेवून घेत नाही. मला ते अजून जमत नाही, पण तो विषय नाही.

विषय 'च' आहे.

मला काय लागलं ते नीट सांगायचं तर असं. मी कष्ट घेत होते आणि ते कष्ट आहेत हे कुणाला दिसलं नाही. ऑफिसात कुणी अकरा दिवस एखाद्या यंत्राची निवड करत बसला तर त्याला अभ्यासू म्हणतात. मी डब्यांची केली तर माझं ठरत नाही. लहानपणापासून माझं ठरतच नाही, हे घरात ठरलेलं आहे. चप्पल, कॉलेज, आणि ते एक. त्या यादीत आता डबे गेले. ताई परवा बाबांना सांगेल, बाबा हसतील, आणि पुढच्या दहा वर्षांत कुणीही काहीही निवडायला लागलं की म्हणतील, बघ हं, हिचे डबे होतील.

रडू नाही आलं. पण नाक चोंदलं थोडं.

बरं, मोजमाप तरी माझं चोख आहे. आठवड्याचं एकदाच शिजवायचं म्हणजे सात दिवसांचे डबे भरून फ्रीजमध्ये रचायचे असं मला वाटायचं. तसं नसतं. शिजवलेलं अन्न फ्रीजमध्ये, तेही 4 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली, तीन ते चार दिवस ठेवावं. पुढच्या दिवसांचं पहिल्याच दिवशी फ्रीझरमध्ये. म्हणजे आठवड्याचे निम्मे डबे गोठणार, आणि गोठताना पाणी साधारण 9 टक्के फुगतं, म्हणून तिथे काठोकाठ भरायचं नाही, बोटभर जागा सोडायची. आणि डब्यावर लिहिलेली मापं बहुतेक काठापर्यंतची असतात. हजार मिलीचा डबा कधीच हजार मिलीचा नसतो.

डबे उथळ हवेत. खोल डब्यात मधलं अन्न तासन्‌तास कोमट राहतं, आणि जंतूंना कोमटच आवडतं. साधारण 5 सेंटीमीटरपेक्षा जाड थर नको, शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. भाताच्या बाबतीत तर जास्तच, कारण त्यातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात बाहेर राहिला की जागे होतात. गोल डबे हातात छान वाटतात, कोपरे नसल्यामुळे चमचा फिरतो आणि घासायला सोपे. पण कप्प्यात दोन गोल शेजारी ठेवले की मधे जी जागा जाते ती जातेच. म्हणून आयताकृती, कोपरे गोलसर असलेले. सगळे एका मापाचे, म्हणजे कुठलंही झाकण कुठेही बसेल. झाकण जुळवण्यात आयुष्याचा किती भाग गेला हे कुणी मोजत नाही.

आणि वजन. रिकामा काचेचा डबा वजनकाट्यावर ठेवून बघावा एकदा. रोज पाठीवरून न्यायचा तो प्लास्टिकचाच बरा, असं मी मनात कबूल केलंय. उघड केलेलं नाही.

तर परवा मी काय केलं, जुनं वर्तमानपत्र घेतलं, डब्यांच्या लांबी-रुंदीचे आयत कापले आणि ते फ्रीजच्या कप्प्यांवर मांडून बघितले. कुठे दोन मावतात, कुठे तीन, दार लावताना काय अडतं. पाच आयत कापले. प्रत्येकावर पेनानं लिहिलं, सोम, मंगळ, बुध, गुरु, आणि पाचव्यावर 'जादा'. याहून पद्धतशीर काम मी नोकरीतसुद्धा केलेलं नाही.

आज रात्री ठरवलं की याचा फोटो काढून ताईला पाठवायचा. बघ म्हणावं. हे असतं 'डबेच'.

फ्रीज उघडला. दिवा लागला.

वरच्या कप्प्यात सोम आणि मंगळ. मधल्यात बुध, गुरु. खालच्यात जादा, आणि त्याच्यावर अर्धं लिंबू, सुकून पापुद्रा धरलेलं. बाकी काही नाही. खरोखर काहीच नाही. पाण्याची बाटलीसुद्धा मी बाहेर काढून ठेवली होती, मोजायला अडचण होते म्हणून. अख्खा फ्रीज थंड करून मी परवापासून कागद टिकवत होते.

मी दार धरून उभ्याउभ्या हसले. एकटीनं हसताना आवाज किती मोठा येतो. गुरुवारच्या कागदावर कुठल्याशा पुलाच्या उद्घाटनाची अर्धी बातमी होती, ती वाचून काढली. फ्रीज टूं टूं करायला लागला तेव्हा दार लावलं.

या अकरा दिवसांत मी काय खाल्लं ते वहीतही लिहिणार नाही. पाकिटं कचऱ्याच्या पिशवीत आहेत, त्यांनाच माहीत.

मग ताई बरोबर होती का? 'च' बरोबर होता. 'अजून' जरा जास्त झालं. अकरा दिवसांना 'अजून' लागत नाही, निदान तीन आठवडे तरी व्हायला हवेत. हे मी तिला कधीतरी सांगेन. ती म्हणेल, बरं बाई. तेव्हा कळेल तिच्या मनात काय होतं ते. किंवा नाही कळणार, 'बरं बाई'चेही तिच्याकडे चार प्रकार आहेत.

दहा वाजता कुकर लावला. भात आणि मूठभर कडधान्य, दुपारपासून भिजलेलं होतं. का भिजवलं होतं आठवत नाही, म्हणजे कुठेतरी मी आशा सोडली नव्हती. निवल्यावर काढून ठेवायला त्या तीन बिनझाकणाच्या डब्यांतला एक घेतला आणि वर बशी पालथी घातली. बशी बरोब्बर बसली. यावर मी जास्त विचार करणार नाहीये.

चार मागवलेत. पाच नाहीत, चार. झाकण वेगळं मिळणारे. रंग झाकणाचा जो पहिला दिसला तो, आता मला तो आठवतही नाही.

डबा मधल्या कप्प्यात ठेवताना बुधवारचा कागद काढावा लागला. बाकीचे राहू दिले. आणि फोटो काढून ताईला पाठवला, खाली काहीही न लिहिता. एक खरा डबा, चार कागद, लिंबू.

ती जागी होती. बराच वेळ टाइप करत होती, थांबत होती, परत करत होती. मी तयारीत बसले होते.

आलं ते एवढंच: "खालचा कागद वाकडा कापलायस."

उठून बघितला. वाकडाच आहे.